वीस जनावरांचा निवारा: उन्हाळा आणि पावसाळा निभावण्याची पूर्वतयारी

मे महिन्यात निवाऱ्यातलं जनावर दगावलं की सगळे उन्हाला दोष देतात. नीट मागे जाऊन पाहिलं तर दोनपैकी एक गोष्ट सापडते: फेब्रुवारीत कडबा घ्यायचा राहून गेला होता, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये दया येऊन चार जनावरं जास्त घेतली होती. म्हणून औषधांच्या आधी वैरणीचा हिशेब.

इथे डोळ्यांसमोर धरलेला निवारा मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यातला आहे. २० मोठी जनावरं (भाकड गाई, म्हातारे बैल, सोडून दिलेले गोऱ्हे), ५ वासरं, १० शेळ्या आणि सांभाळायला दोन-तीन माणसं. शेतात ट्रॅक्टर आले आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे अशा ठिकाणी येणाऱ्यांत नर जनावरं पुष्कळ असतात. कोकणात किंवा गोव्यात निवारा असेल तर उन्हाळ्याचा भाग थोडा हलका धरा आणि चिखलाचा भाग दोनदा वाचा.

आधी वजन, मग वैरण

जनावराला किती लागतं हे त्याच्या वजनावर ठरतं, आणि वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ६० आणि लांबी ५२ इंच असेल तर साधारण २८४ किलो. दर महिन्याला एकाच वेळी, सकाळी वैरण टाकण्याआधी मोजलं तर खाली जाणारं जनावर डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसतं.

दूध न देणाऱ्या, काम नसलेल्या जनावराला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा भाग (पाणी वगळून उरणारा चारा) रोज पोटात जायला हवा. ३०० किलोच्या गाईला पावणेसात किलोच्या आसपास. कडब्यात सुमारे ९० टक्के कोरडा भाग असतो, मुरघासात (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३०, ताज्या हिरव्या चाऱ्यात २० ते २५. म्हणूनच "पंधरा किलो हिरवं टाकलं" म्हणणाऱ्याची गाय वाळत जाते: त्या पंधरा किलोत कोरडा भाग चार किलोसुद्धा नसतो.

टिकणारा रोजचा बेत असा धरा: मोठ्या जनावराला ५ किलो कडबा कुट्टी, ५ किलो मुरघास, अर्धा किलो पेंड, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चाटायला मीठ. वासरांना कडबा आणि मुरघास दोन-दोन किलो, शेळ्यांना एक-एक किलो. सगळ्यांचा मिळून रोज १२० किलो कडबा आणि १२० किलो मुरघास होतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत १५० दिवस धरा. पाऊस जूनमध्ये आला तरी पोटभर हिरवं मिळायला जुलै उजाडतो, आणि बहुतेकांचा हिशेब याच एका महिन्याने चुकतो. १५० दिवसांना कडबा १८ टन. सांडलवंड १५ टक्के धरून २१ टन. मुरघास १८ टन. वरचा आणि कडेचा खराब भाग धरून २० टन. मोठ्या जनावरांची पेंड ५० किलोची ३० पोती, खनिज मिश्रण दीडशे किलो.

कडबा शेकड्यावर विकला जातो, किलोवर नाही, आणि पेंढीचं वजन गावागणिक बदलतं. भाव ठरवण्याआधी ढिगातल्या वेगवेगळ्या जागच्या दहा पेंढ्या काढून तोला. पेंढी अडीच किलोची निघाली तर २१ टनांना ८,४०० पेंढ्या लागतील; पावणेदोन किलोची निघाली तर १२,०००. शेकड्याचा भाव तोच राहिला तरी खर्च दीडपटीच्या जवळ जातो. रब्बी ज्वारी निघते तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा सगळ्यात स्वस्त असतो. मालदांडी ज्वारीचा कडबा जनावरं आवडीने खातात. पाला टिकलेला, आतून पिवळसर-पांढरा आणि काळे डाग नसलेला घ्या. सोयाबीन वाढल्यापासून बऱ्याच भागात ज्वारी कमी झाली आहे. तिथे सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं भुसकट मिळतं. ते वैरणीच्या एक तृतीयांशापर्यंत मिसळा, पण आधी चाळा. मळणीच्या भुसकटात माती आणि बुरशी दोन्ही येतात.

कडबा अख्खा टाकू नका. अख्ख्या कडब्याचा तिसरा हिस्सा पायाखाली जातो. दोन अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारं कडबाकुट्टी यंत्र या आकाराच्या निवाऱ्याला पुरतं. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे ठेवा. यंत्राच्या तोंडाशी एक मोठं चुंबक बांधा. पेंढ्या बांधलेल्या तारांचे तुकडे आणि खिळे त्याला चिकटतात. नाहीतर तेच जाळीपोटातून (चार पोटांपैकी हृदयालगतच्या पोटातून) हृदयाकडे घुसतात आणि जनावर कारण न समजता झिजत जातं.

गंजी जमिनीवर लावू नका. एक-दीड फुटाचा दगडांचा किंवा लाकडांचा ओटा करा, माथा उतरता ठेवा, वर ताडपत्री बांधा. एका जागी २१ टन रचण्यापेक्षा दोन गंज्या करा, एकमेकींपासून आणि गोठ्यापासून निदान पन्नास फूट लांब, वरून विजेची तार जात नसेल अशा जागी. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाते. ओलसर कडबा दाबून रचला तर तो आतून तापतो, म्हणून पहिले पंधरा दिवस गंजीत हात घालून ऊब तपासत राहा.

मुरघास भाद्रपदात, उन्हाळ्यासाठी

वीस टन मुरघासाला साधारण सव्वा एकर मका पुरतो. जूनअखेर पेरलेला मका सप्टेंबरमध्ये कापणीला येतो. दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की कापायचा. आधी कापला तर पाणी जास्त, उशीर केला तर ताट लाकूड होतं.

कुट्टी केलेला चारा मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांतून पाणी गळलं तर एक दिवस सुकू द्या. गोळा लगेच विस्कटला तर चारा जास्त वाळला आहे, थोडं पाणी शिंपडा. गोळा हळूहळू उमलला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर भरायला सुरुवात करा.

२५ फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच टाकीत किंवा खड्ड्यात २० टन मावतं. सहा-सहा इंचांचे थर देऊन प्रत्येक थर ट्रॅक्टरने किंवा पायांनी इतका दाबा की टाच रुतू नये. मक्यात साखर पुरेशी असते, त्यामुळे काही मिसळावं लागत नाही. भरणं एक-दोन दिवसांत संपवा आणि वर प्लास्टिक टाकून मातीचा किंवा वाळूच्या पोत्यांचा दाब द्या. प्लास्टिकला उंदराने पाडलेलं एक भोक चार पाट्या मुरघास कुजवतं. दर आठवड्याला फिरून चिकटपट्टी लावा. ४५ दिवसांनी उघडता येतो, पण निवाऱ्याने तो फेब्रुवारीपर्यंत बंदच ठेवावा. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस-गोड वासाचा असतो. काळा, चिकट, कुबट वासाचा भाग उकिरड्यावर टाका. "थोडासाच आहे" म्हणून गाभण जनावराला घातला तर गाभ जाऊ शकतो.

मुरघास जमला नाही तर वाळलेली वैरण युरियाने सुधारता येते. १०० किलो भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड, ४ किलो युरिया, ६० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवा, थरावर थर झारीने शिंपडा, दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका, २१ दिवस ठेवा. खायला देण्याआधी तासभर पसरून ठेवा म्हणजे डोळ्यांत झोंबणारा वास उडून जातो. सुरुवातीला साध्या वैरणीत चौथा हिस्सा मिसळून आठ-दहा दिवसांत सवय लावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि नुकत्याच आलेल्या उपाशी जनावरांना हे अजिबात नको. युरियाच्या पाण्याची बादली उघडी राहिली आणि तहानलेल्या जनावराने तोंड घातलं तर तासाभरात मरतं.

उसाचे वाढे गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, स्वस्त मिळतात. घ्या, पण त्यांच्यावरच जनावरं ठेवू नका. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातला चुना बांधून टाकतं. दोन-तीन महिने नुसत्या वाढ्यांवर राहिलेली जनावरं बसल्या जागेवरून उठेनाशी होतात. वाढे एक दिवस सुकवा, कुट्टी करा, चुन्याची निवळी शिंपडा आणि खनिज मिश्रण चुकवू नका.

फाटकावरचा निर्णय

दर रविवारी शिल्लक मोजा. उरलेला कडबा भागिले रोजचा खर्च, म्हणजे हाताशी किती दिवस आहेत ते कळतं. हा आकडा १५ जुलैपर्यंत पोचत नसेल तर नवीन जनावर घ्यायचं नाही. हे लिहायला सोपं आणि फाटकाशी उभं राहून बोलायला फार जड आहे. तरीही एकविसाव्या गाईला आत घेऊन वीस जणींची वैरण कमी करणं ही दया नाही; तुटवड्यात आधी म्हाताऱ्या आणि शिंगांच्या माराने मागे हटणाऱ्या जनावरांचं पोट रिकामं राहतं, आणि त्यांच्यासाठीच तर निवारा काढलेला असतो.

नाही म्हणताना पर्याय द्या. शेतकरी स्वतः जनावर सोडायला आला असेल तर त्याच्याच दावणीला दीड-दोन महिन्यांची वैरण पोचवा. ४५० किलो कडब्यात एक गाय ६० दिवस तिच्या घरी राहते, तुमच्याकडे वाहतूक, जागा आणि मजुरी वाचते, आणि पाऊस पडल्यावर तो शेतकरी तिला सोडतच नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड, सोलापूर, अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) भागांत सरकारी चारा छावण्या झाल्या होत्या. तुमच्या तालुक्यात तशी छावणी सुरू असेल तर तिचा पत्ता फाटकावर लावून ठेवा.

पोलिसांनी पकडलेली जनावरं येतात तेव्हा संख्या, वय, रंग, कानातला बिल्ला, जखमा हे सगळं पंचनाम्यात लिहून, फोटो काढून, प्रत घेऊनच उतरवून घ्या. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खटल्यातल्या जनावरांच्या सांभाळाचा खर्च मागता येतो, पण दर दिवसाची नोंद असेल तरच. कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून तो पहिल्याच आठवड्यात बसवून घ्या.

आलेलं प्रत्येक जनावर २८ दिवस वेगळं ठेवा: मुख्य गोठ्यापासून शंभर फुटांवर, वेगळी बादली, वेगळा खराटा, आणि सांभाळणारा माणूस आधी जुनी जनावरं उरकून मगच तिकडे जाणारा. २०२२ मध्ये लम्पी राज्यभर पसरला तेव्हा अशी जागा नसलेल्या ठिकाणी एका नव्या जनावराने सगळी दावण आजारी पडली. नर वासरांचं खच्चीकरण पशुवैद्यकाकडून बर्डिझो चिमट्याने वेळेत करून घ्या, नाहीतर निवारा स्वतःच जनावरं वाढवू लागतो.

उपाशी जनावर येतं तेव्हा

इथे प्रेमानेच सगळ्यात जास्त जनावरं मरतात. हाडं वर आलेली गाय दिसली की लोक तिच्यापुढे भरडा, पोळ्या, हिरवा घास ओततात. पण उपासाने तिच्या कोठीपोटातले (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातले) जंतू मेलेले असतात. धान्य पडताच तिथे आम्ल तयार होतं, किंवा रक्तातलं फॉस्फरस एकदम खाली येतं, आणि "खाऊन-पिऊन" तिसऱ्या दिवशी गाय कोसळते.

पहिला दिवस: सावली आणि पाणी. एकदम टाकी दाखवू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाच-सहा लिटर द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली, डोळे खोल गेले असतील तर १० लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम खायचा सोडा आणि २०० ग्रॅम गूळ घालून तेच पाजा. स्वतः पीत असेल तरच. पुढे कधी औषध नरसाळ्याने किंवा बाटलीने पाजावं लागलं तर मान वर ओढू नका, जीभ धरू नका. पाणी फुप्फुसात गेलं की दोन दिवसांत न्यूमोनिया होतो.

पहिले तीन दिवस वजनाच्या एक टक्का सुकी वैरण, चार वेळा विभागून. २५० किलोच्या गाईला एकूण अडीच-तीन किलो कुट्टी. चौथ्या ते सातव्या दिवशी दीड टक्का. पेंड किंवा कोंडा आठवड्यानंतर, पाव किलोपासून, आणि दर तीन-चार दिवसांनी पाव किलोने वाढवत. हिरवं शेवटी.

पुढच्या पायरीवर जायचं की थांबायचं हे जनावरालाच विचारा. डाव्या भकाळीत (बरगड्या आणि मागच्या पायाच्या मधल्या खळग्यात) मूठ दाबून दोन मिनिटं शांत उभं राहा. निरोगी कोठीपोट तेवढ्यात दोन-तीनदा मूठ बाहेर ढकलतं, संथ लाट आल्यासारखं. मूठ जागेवरच राहिली तर वैरण वाढवू नका. रवंथ परत सुरू होणं ही सगळ्यात चांगली खूण. भकाळी कायम फुगलेली, शेण कमी आणि चिकट, खाणं नाही, तर पोटात प्लास्टिक असण्याची शक्यता धरा. शहरातून आलेल्या जनावरांत हे नेहमीचं आहे, आणि त्यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. जनावर थोडं सावरल्यावरच ती करता येते. जंतनाशकही पहिल्या दिवशी नको. शेण तपासून, आठवड्यानंतर, पशुवैद्यकाने वजनावर ठरवलेल्या मात्रेत.

उठता न येणारं जनावर छातीवर बसतं राहिलं पाहिजे, आडवं पडू देऊ नका. आडव्या जनावराचं पोट फुगून श्वास कोंडतो. खाली एक फूट वाळूचा किंवा भुसकटाचा थर, दोन्ही बाजूंना भुसकट भरलेली पोती, दर तीन तासांनी बाजू बदल, रात्रीसुद्धा. मागचे पाय मांडीपासून खुरापर्यंत चोळा. रुंद गोणपाटाचा पट्टा छाती आणि पोटाखालून घेऊन तिकाटण्याला लावलेल्या चेन-कप्पीने दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं उभं करा. शेपटी धरून ओढू नका, मणका दुखावतो. वर जाळी बांधा, कारण पडलेल्या जनावराच्या डोळ्यांवर आणि जखमांवर कावळे येतात. बसून नीट खाणारं जनावर आठ-दहा दिवसांनीही उठतं. खाणंच सोडलेल्या आणि जखमा हाडापर्यंत गेलेल्या जनावराचा पुढचा निर्णय पशुवैद्यकाबरोबर बसून घ्या, लांबवत नेऊ नका.

चैत्र-वैशाख

पाणी मोठ्या जनावराला उन्हाळ्यात ५० ते ६० लिटर, शेळीला सहा-आठ. सगळ्यांचं मिळून रोज १,३०० लिटर, धुण्यासह १,५०० धरा. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे तीन दिवस. टँकर चुकला तर तेवढाच अवधी असतो, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की फोन करायचा. हौद सावलीत हवा. उन्हातलं पाणी जनावर तोंड लावून सोडतं. दर आठवड्याला रिकामा करून घासा आणि आतून चुना लावा.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम, मोठ्या जनावराला छपराखाली ४० चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा. पत्र्याला वरून पांढरा चुना द्या. पत्र्यावर पाचट टाकलं तर खाली चांगला फरक पडतो, पण ते पाण्याने ओलं ठेवता येत असेल तरच, नाहीतर आगीला आमंत्रण. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावून दुपारी भिजवा. बाकी तीन बाजू उघड्या ठेवा, कारण वारा अडला तर भिजवलेलं गोणपाट उलट दमटपणा वाढवतं. वैरण सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर; रवंथाची ऊब दुपारच्या उन्हात भर घालते.

तोंड उघडून धापणं, लाळ गळणं, उभं राहून डुलणं आणि १०४ अंशांच्या वर ताप म्हणजे उष्माघात. नेहमीचं तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं ठेवून बघा. सावलीत घ्या, पायांपासून सुरुवात करून मान-डोक्यापर्यंत पाणी ओता, मध्ये-मध्ये पंख्याचा वारा द्या, आणि १९६२ या पशुसंवर्धन खात्याच्या मोफत क्रमांकावर फोन करा. १०३ वर आलं की पाणी थांबवा.

लग्नसराईतल्या उरलेल्या अन्नाची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भात, बुंदी, पुऱ्या भरलेला टेम्पो फाटकाशी येतो, आणणाऱ्याची भावना चांगली असते, पण एका पातेल्याने दोन जनावरांच्या कोठीपोटात आम्ल वाढून ती मरू शकतात. पोळ्याच्या दिवशी बैलाला भरवलेल्या दहा-बारा पुरणपोळ्याही तेच करतात. फाटकाजवळ एक पेटी ठेवा: पोळी-पीठ तिथे टाकायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी मोजून, मोठ्या जनावराला दोन पोळ्यांच्या वर नाही असं वाटायचं. आंबलेलं अन्न खतात. चोरून खाल्लंच आणि जनावर सुस्त, भकाळी गच्च, शेण पातळ व आंबूस झालं, तर पशुवैद्यक येईपर्यंत १०० ते १५० ग्रॅम खायचा सोडा लिटरभर पाण्यात हळूहळू पाजा. पेंड-धान्य बंद.

पैशांबाबत एवढंच: देणगी मागायची ती मार्चमध्ये कडब्याच्या रूपात. शेणखत देऊन कडबा घेणं हा सगळ्यात भरवशाचा व्यवहार आहे; वीस जनावरांचं रोज दोनशे किलो शेण पडतं, आणि खरिपाआधी शेतकऱ्याला खत हवंच असतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवलं, पण ते किमान ५० गोवंश आणि तीन वर्षांचा अनुभव असलेल्या संस्थांसाठी आहे. लहान निवाऱ्याने ते धरून खर्च आखू नये.

पहिला पाऊस

मेच्या पहिल्या पंधरवड्यात लसी संपल्या पाहिजेत: मोठ्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार. लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी, लम्पी वर्षातून एकदा. लसीनंतर शरीर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जूनमध्ये पाऊस पडल्यावर लस शोधत हिंडणाऱ्याला घटसर्प आधी गाठतो. फार अशक्त जनावराला लस द्यायची की नाही हे पशुवैद्यकाला विचारा.

वळिवाच्या पावसाने ज्वारीच्या खुंटांना कोवळे कोंब फुटतात. दिसायला ती मेजवानी असते. त्यात सायनाइड असतं. गुडघ्याखालची, ताण पडलेली, फुटव्याची ज्वारी खाऊन जनावराला किराळ (ही विषबाधा) लागते आणि ते दहा-पंधरा मिनिटांत थरथरत पडतं. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत त्या रानात जनावर सोडू नका. किराळ लागल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका, शिरेतून द्यायचं औषध पशुवैद्यकाकडे असतं.

कोवळ्या ओल्या गवतावर उपाशीपोटी सोडलं की पोटफुगी होते. आधी दोन किलो सुकी कुट्टी, दव ओसरल्यावर चराई, पहिल्या आठवड्यात एक तास. डावी भकाळी ढोलासारखी वाजू लागली तर जनावराचं पुढचं अंग उंचावर उभं करा, पाव लिटर गोडं तेल हळूहळू पाजा, चालवा. श्वास अडला, जीभ बाहेर आली तर ट्रोकार (पोटातली हवा सोडायची जाड पोकळ सुई) मारायची वेळ असते. ते कुठे आणि कसं मारायचं हे पशुवैद्यकाकडून आधीच प्रत्यक्ष शिकून घ्या.

चिखल

पावसाळ्यात गोठ्याचा तळ मुरमाचा आणि चाळीस फुटांना एक फूट उताराचा हवा. मुरूम मेमध्येच टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या. जूनमध्ये टाकलेला मुरूम चिखलच होतो. सतत ओल्यात उभं राहिल्याने खुरांच्या बेचक्यात फटी पडतात आणि कुजतात. आठवड्यातून दोनदा शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून, चार इंच खोल हौदातून जनावरं चालवा. खूर आधी साध्या पाण्याने धुवा. शेणाने भरलेल्या खुराला मोरचूद लागतच नाही. ते पाणी पिऊ देऊ नका, आणि निवाऱ्यात मेंढ्या असतील तर त्यांना यापासून दूर ठेवा, तांबं त्यांना फार लवकर बाधतं.

गोचीड जनावराच्या अंगावर दिसते तितकीच भिंतींच्या फटींत असते. एक मादी दोन-तीन हजार अंडी फटीत घालते. म्हणून अंगाला औषध आणि त्याच दिवशी भिंती, दावण, खांबांच्या बुंध्यांना औषध किंवा आगीची झोत. आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा, कारण अंडी औषधाने मरत नाहीत. प्रमाण बाटलीवरचंच ठेवा, अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसकी बांधा. लाल-कॉफीच्या रंगाची लघवी, ताप आणि पांढरे पडलेले डोळे म्हणजे गोचिडांतून आलेला रक्ताचा आजार. त्या दिवशीच पशुवैद्यक.

पावसाळ्यात सुपारीएवढ्या जखमेतसुद्धा दोन दिवसांत आसडी, म्हणजे अळ्या, पडते. भोकात टर्पेंटाइनचा बोळा ठेवा, अळ्या वर आल्या की चिमट्याने शेवटची निघेपर्यंत काढा, पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्याने धुवा, मलम लावा, आणि माशी बसणार नाही असं औषध कडेने लावा. बैलांच्या शिंगाच्या बुडाशी आणि शेपटीच्या खाली रोज पाहायचं. अळ्या आहेत हे आधी वासाने कळतं.

नदीकाठी निवारा असेल तर २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरातून घ्यायचा धडा एकच: बांधलेलं जनावर बुडतं. पावसाळ्यात दाव्याला एका ओढीत सुटणारी सरकगाठ मारा, गोठ्याच्या चारही कोपऱ्यांत विळा अडकवून ठेवा आणि उंचावरची जागा आधी ठरवून जनावरांना दोनदा तिकडे चालवून आणा.

मेलेल्या जनावराची जागाही मेमध्येच ठरवा. विहीर आणि ओढ्यापासून लांब, आठ फूट खोल खड्डा उन्हाळ्यात जेसीबीने घेऊन ठेवा. भर पावसात तो घेता येत नाही. खाली आणि वर चुना. नाक-तोंड-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर ते प्रेत कापू नका, कातडी काढू देऊ नका, हात लावू नका. फाशी रोगाची शंका धरून पशुवैद्यकाला कळवा. उघड्यावर टाकायची प्रथा असलेल्या भागात औषधांचा प्रश्नही येतो. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून, किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण ती पोटात असलेलं प्रेत खाऊन गिधाडं मरतात. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागा, आणि औषधांच्या पेटीत जुनी कुपी राहिली असेल तर आजच काढून टाका.

थंडीचं काम थोडं आहे: वासरांना आणि करडांना रात्री कोरडं अंथरूण, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा, आणि धुरी करायची तर गोठ्याबाहेर. दसऱ्यापर्यंत मुरघासाची टाकी बंद झालेली असली पाहिजे. दिवाळी झाली की टेप घेऊन प्रत्येक जनावराचं वजन पुन्हा मोजा, रोजचा खर्च नव्याने मांडा, आणि येत्या उन्हाळ्यात निवारा किती जनावरं झेपवू शकतो तो आकडा खडूने फाटकाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.